अर्ध्या श्लोकाची पेटी

शिजणाऱ्या सरसाचा वास हा सुगंध नव्हे, हे मी प्रारंभीच मान्य करते. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला तो चिकट पदार्थ लोखंडी भांड्यात तापू लागला, की ओल्या चामड्याचा, जुन्या गोठ्याचा आणि किंचित करपलेल्या गुळाचा असा एक संमिश्र दर्प उठतो. लग्न होऊन धुळ्याहून जळगावला आले, त्या सकाळी माझे स्वागत याच दर्पाने केले. उंबरठ्यावरचे माप ओलांडतानाच मला मळमळले, आणि जमलेल्या बायकांनी त्याचा भलताच अर्थ लावून एकमेकींकडे पाहिले. पुढे महिनाभर मला कोणी जड हंडा उचलू दिला नाही. सरसाचे हे पहिले उपकार.

माझे वडील धुळ्याच्या शाळेत संस्कृत शिकवीत. ज्या वयात मुलींना स्वयंपाक शिकवतात त्या वयात त्यांनी मला वृत्ते शिकवली. परिणामी माझे वरण कधी साधले नाही. मात्र ते करपले आहे, हे मी निर्दोष मालिनीत सांगू शकत असे. अशा मुलीला स्थळ कोणते पाहावे? वडिलांनी हार्मोनियम तयार करणारा जावई शोधला आणि 'सुराच्या घरी शब्द दिला' असे म्हणून ते निर्धास्त झाले. जावयांचा मुख्य व्यवसाय सुतारकीचा आहे, हे त्यांना फार उशिरा उमगले. मलाही.

ज्यांनी पेटी केवळ वाजताना ऐकली आहे, त्यांच्यासाठी सांगते. पेटी म्हणजे वारा साठवण्याचे कपाट. मागचा भाता हलवला की आतल्या भात्यात वारा भरतो. पट्टी दाबली की तिच्याखालचे छिद्र उघडते आणि तो वारा पितळेच्या एका बारीक जिभेला थरथरवीत बाहेर पडतो. त्या जिभेला आम्ही सूर म्हणतो. सूर उतरला असेल तर जिभेचे टोक कानशीने हलकेच घासायचे, चढला असेल तर मूळ घासायचे. घासलेले पितळ परत येत नाही. बोललेल्या शब्दाचेही तसेच आहे, पण शब्दांच्या बाबतीत मी ते कधी ध्यानात ठेवले नाही, आणि हा लेख त्याचाच आहे.

कारखाना म्हणजे आमच्या घराची मागची पडवी. तिथे आमचे हे, सुतारकामाला नाना, आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईनंतर आणखी दोघे कारागीर. नाना धुळ्याकडचेच, साठी उलटलेले, पाठीने वाकलेले, तोंडाने सरळ. पेटी तयार झाली की अखेरची परीक्षा भात्याची असे. वाऱ्याची वाट रोखणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करून भाता पुरता भरायचा आणि हात काढून घ्यायचा. वारा कुठून झिरपत नसेल तर भाता सावकाश बसतो. फट असेल तर धापा टाकीत कोसळतो. पूर्वी नाना मनातल्या मनात आकडे मोजून वेळ पाहत. मध्येच कोणी हाक मारली की त्यांचे आकडे चुकत. एकदा तसे झाले तेव्हा मी चहा घेऊन उभी होते. मी म्हटले, "नाना, मी श्लोक म्हणते. शार्दूलविक्रीडिताचे चार चरण. माझी लय चुकत नाही." आणि मी मंगलाष्टकातला एक श्लोक म्हटला. चौथ्या चरणाच्या शेवटच्या अक्षरावर भाता टेकला. नानांनी खाली वाकून चिमूटभर भुसा उचलला आणि पेटीवर टाकला.

"लगीन लागी गयं," ते म्हणाले. "वहिनी, आते नवरीले सासरी धाडा."

तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत पडली. पूर्ण श्लोक तगेल ती पेटी उत्तीर्ण. तिच्यावर भुशाच्या अक्षता. तगणार नाही तिचे चामडे पुन्हा उसवायचे. जळगावातल्या आमच्या शेजारणी इतकी वर्षे समजत होत्या, की या घरात दर आठवड्याला कोणाचे तरी लग्न असते आणि आपल्याला बोलावत नाहीत.

आणखी एक रीत यांची स्वतःची होती. पेटी बंद करण्यापूर्वी हे सुरांची फळी उचलून तिच्या पोटाशी शिसपेन्सिलीने तिथी आणि आपल्या नावाचे आद्याक्षर लिहीत. बाहेर काही नाही. "ज्याला दुरुस्ती करायची त्यालाच नावाशी काम," असे त्यांचे मत. मला हे मत अगदी अरसिक वाटे. नाव हे झाकण्यासाठी असते का? मुंबईच्या पेट्यांवर कशी पितळी अक्षरे झळकतात. मी महिनाभर अबोला धरला, नंतर महिनाभर बोलले. दुसऱ्या उपायाने ते शरण आले.

मग मी पेट्यांची बारशी केली. साध्या पेटीला 'मालिनी', दुहेरी सुरांच्या पेटीला 'मंदाक्रांता', आणि जिच्या झाकणावर वेलबुट्टी कोरली होती तिला 'वसंततिलका'. नाना म्हणाले, "वहिनी, बारसं कव्हय शे ते सांगा, मी घुगऱ्या शिजाडस." धुळ्याच्या बाजारात आमच्या पेट्या एका दुकानदाराकडे ठेवल्या होत्या. तिथे एक गिऱ्हाईक येऊन बराच वेळ मंदाक्रांतेभोवती फिरले आणि शेवटी म्हणाले, "ती मंदा कितलाले शे?" दुकानदाराने आम्हांला लिहिले की मंदा चार विकल्या गेल्या, वसंताला मात्र कोणी विचारत नाही. जाहिरातीचे पत्रकही मीच रचले होते. त्यात आम्रमंजरी होती, कोकिळा होती, चांदण्यात न्हालेली तापी होती. पेटी तिसऱ्या परिच्छेदात येत असे. साक्रीच्या एका मास्तरांचे उत्तर आले, 'कोकिळा नको. पेटी पाठवा.' ते कार्ड यांनी पडवीत खिळ्याला लावून ठेवले. अजून आहे.

यानंतर शहाण्या बाईने हात आखडता घेतला असता. मी ठरवले की वृत्तांची नावे कोणाला कळत नाहीत, तर माणसाचे नाव लावावे.

आबा दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. भजन म्हणणारे म्हणून सगळ्या खानदेशात त्यांचे नाव होते. आवाज पल्लेदार, पण मला आठवतो तो त्यातला कोरडेपणा. वैशाखातल्या काळ्या रानासारखा, ज्यावर एक थेंब पडला तरी वास यावा. आपली जुनी पेटी दुरुस्तीला घेऊन ते आगगाडीने जळगावला येत, पडवीत मांडी घालून बसत, आणि श्लोकाची परीक्षा चालली की हातातला चहा थांबवून ऐकत. मला ते 'माय' म्हणत. "तू म्हन, माय. तुन्हा श्लोकमा पेटी बी सरळ बठस," असे ते एकदा म्हणाले; कवितेबद्दल मला मिळालेला तेवढाच जाहीर अभिप्राय.

त्यांच्या बसण्याला आणि आवाजाला सोयीची अशी एक पेटी आम्ही बेतली. उंचीने बुटकी, खर्जाचे सूर भरीव, बैलगाडीत बांधता यावी म्हणून दोन्ही अंगांना पितळी कड्या. मी म्हटले, हिच्यावर आबांच्या नावाची पितळी पट्टी लावू. ज्यांना आबा ठाऊक त्यांना पेटी ठाऊक होईल. आबा हसले.

"मन्हं नाव लायं म्हनजे ती गोड वाजई का, माय?"

"गोड वाजणारच आहे, आबा. नाव लावले म्हणजे लोक ऐकायला थांबतील."

मोबदला म्हणून त्यांनी काही घेतले नाही. एकच अट घातली. "मन्हं नाव ज्या पेटीवर, ती पहिले मन्हा हातखालतून जावाले पाहिजे." म्हणजे त्यांच्या नावाची प्रत्येक पेटी बाहेर पडण्यापूर्वी त्यांनी तिच्यावर एक अभंग म्हणायचा. महिन्याकाठी एक फेरी ते त्यासाठी करीत. पेट्या मोजक्याच होत, पण गावोगावची भजनी मंडळे आता नाव घेऊन विचारू लागली. आबा पेटी. ना कोकिळा, ना चांदणे. माझ्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी रचना दोन शब्दांची निघाली, आणि त्यांतला एकही माझा नव्हता.

मग युद्ध सुरू झाले. आमचे सूर जर्मनीहून मुंबईला येत आणि हे तिथून निवडून आणीत. ते येणे थांबले. मागणी मात्र वाढली. रेल्वेत माल कमी, सागवान महाग, आणि आठवड्याला कोणत्या ना कोणत्या मंडळाचे पत्र: आबा पेटी पाहिजे, पण कमी किमतीत. देशी सूर मिळत होते, आंब्याच्या फळ्या होत्या, कोकराच्या कातड्याऐवजी मेणकापड होते. मी सुचवले, 'आबा पेटी, नंबर दोन' काढावी.

हे म्हणाले, "आबांना विचारले पाहिजे."

"नंबर एकला विचारले आहेच," मी म्हटले. "त्यांची दर महिन्याची फेरी त्या पेट्यांसाठी. स्वस्त पेटीसाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला दगदग?"

यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते पुन्हा कानशीकडे वळले. त्यांचा होकार आणि नकार सारखाच दिसे. मी नेहमी सोयीचा तो निवडत असे.

नंबर दोनची पहिली पेटी परीक्षेला आली. भाता भरला, मी श्लोक सुरू केला, दुसऱ्या चरणालाच भाता बसला. मेणकापड चामड्यासारखे शिवणीत मुरत नाही. मी विचार केला, किंमत निम्मी आहे, मग निम्मा श्लोक पुरे. आता हे लिहिताना कान तापतात, पण त्या वेळी मला तो तर्क मोठा काव्यमय वाटला होता. पुढची पेटी निम्म्यालाही पुरेना. तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली, जी वडिलांना कळती तर त्यांनी मला घरात घेतले नसते. मी श्लोक भरभर म्हटला. गुरू अक्षरे लघूसारखी उरकली, यतीच्या विरामावर थांबले नाही. भाता टेकण्याआधी मी दुसऱ्या चरणाच्या शेवटी पोहोचले.

नाना रंधा हातात धरून ऐकत होते. म्हणाले, "वहिनी, आज भटजीले गाडी धरनी शे का?"

सगळे हसले. मीही हसले. नानांनी भुसा मात्र उचलला नाही. अशा सतरा पेट्या गेल्या, सतराही बिन-अक्षतांच्या.

रावेरजवळ एका गावी सप्ताह होता. काल्याच्या दिवशी सकाळी आबांचे भजन ठेवले होते आणि आम्हां उभयतांना बोलावणे होते. केळीच्या बागेशेजारी मांडव. ओल्या खुंटांचा थंड, तुरट वास. वैशाखाचे ऊन त्या वासापर्यंतही पोहोचले होते. मी बायकांत पुढे बसले, कारण मला माझी पितळी पट्टी पाहायची होती. मंडळाच्या माणसांनी शेंदरी कापडाखालून पेटी काढली, पट्टी रुमालाने पुसली आणि मोठ्या अभिमानाने आबांपुढे ठेवली. नंबर दोन. आबांनी नाव वाचले. या बनावटीची पेटी त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती, हे त्यांना तेव्हाच कळले असले पाहिजे. तरी त्यांनी भाता ओढला आणि अभंग धरला.

पहिल्या कडव्यात त्यांचा डावा हात दुप्पट वेगाने चालू लागला. आतला वारा फाटक्या पोत्यातल्या धान्यासारखा गळत होता. दुसऱ्या कडव्यात आंब्याची फळी उन्हाने वाकलेली, त्यामुळे बोटाखालची एक पट्टी दबली ती वर येईना, आणि मधला एकच सूर वासराने हंबरावे तसा अखंड वाजू लागला. आबा वर गेले तरी तो तिथेच, खाली आले तरी तिथेच. टाळकरी थांबले. मागून एकजण म्हणाला, "आबा, पेटी तुमचीच ना? मग ऐकत का नाही तुमचं?" मांडव हसला. हसण्यात दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते फार वेळ टिकले.

आबांनी भाता मिटला, पेटी बाजूला सरकवली आणि नुसत्या टाळावर अभंग पुरा केला. त्यांचा आवाज एकदा चिरला. तो चिरलेला मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. 

आठ दिवसांनी ते पडवीत आले, तीच पेटी गाडीतून घेऊन. सरस शिजत होता. त्यांनी पेटी मध्ये ठेवली.

"हाई मन्ही पेटी शे?"

मी युद्धाचे सांगू लागले, जर्मन सुरांचे, आंब्याच्या फळ्यांचे. बोलता बोलता चांगली वाक्ये होऊ लागली तेव्हा मलाच स्वतःची शिसारी आली. आबा ऐकत नव्हतेच. त्यांनी नानांकडून पेचकस मागून घेतला, झाकण काढले, सुरांची फळी उचलून उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेली. इतक्या वर्षांच्या दुरुस्त्यांत त्यांनी ती पेन्सिलीची अक्षरे अनेकदा पाहिली होती. या फळीच्या पोटाशी काही नव्हते. ना तिथी, ना अक्षर.

मी यांच्याकडे पाहिले. हे कानशीवरचे पितळ झटकीत राहिले. सतराही पेट्यांत त्यांनी आपले नाव घातले नव्हते. बाहेर आबांचे नाव पितळेत, आत कोणाचेच नाही. मला विरोध करण्याची त्यांची ही पद्धत. मी आत कधी पाहिलेच नव्हते.

आबांनी नावाची पट्टी उचकटून उपरण्यात बांधली. मी चाचरत म्हटले, "आबा, भात्याला नवे चामडे लावते. तुमच्यासमोर श्लोक म्हणते, पूर्ण."

"श्लोक ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "भाता मी पाही लिसू."

माय गेली आणि बाई आली. त्यांच्या गाडीची वेळ व्हायला अजून तीन तास होते, तरी ते स्टेशनवर जाऊन बसले.

पुढचे सहा महिने मी आणि नाना त्या पेट्या शोधत फिरलो. आगगाडी, टांगा, बैलगाडी, जिथे काहीच नाही तिथे पायी. जिथे जाऊ तिथे भात्याला चामडे लावून द्यायचे, फळी बदलायची, आणि पट्टी काढून घ्यायची. लोकांना पेटी सुधारून मिळाल्याचा आनंद होई, पण पट्टीला हात लावला की ते दुखावत. साक्रीच्या पुढे डोंगरातल्या एका वस्तीत तर पट्टी पेटीवर नव्हतीच. ती देवघरात, टाकांच्या शेजारी, हळदकुंकू लावून ठेवलेली. घरातल्या म्हाताऱ्या अक्कांना मी सारा दोष समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले.

"पेटी ली जा, माय," त्या म्हणाल्या. "नाव ऱ्हाऊ दे."

परतीच्या वाटेवर नाना म्हणाले, "वहिनी, तुम्हनी जाहिरात जास्तच लागू पडनी." सोळा पट्ट्या जमल्या. आबांनी स्वतः काढलेली धरून. सतरावी अजून तिथे पुजली जाते, आणि तिच्यातला खोटेपणा फक्त आम्हां चार-पाच जणांना ठाऊक आहे.

त्या प्रवासात मला धंद्यातली एक गोष्ट समजली, जी नानांना उपजत ठाऊक होती. स्वस्त पेटीतून नक्षी काढावी, वारा काढू नये. आम्ही पुन्हा एक कमी किमतीची पेटी बेतली: एकेरी सूर, खुंट्या तीनच, पॉलिशचा एकच हात, कोरीवकाम नाही, कड्या नाहीत, पण भाता पुऱ्या चामड्याचा आणि फळी मुरलेल्या सागाची. तिला नाव ठेवले नाही. यांनी सुचवले, "साधी म्हणू." मी जन्मात प्रथमच विशेषण न जोडता हो म्हटले. आत पेन्सिलीने अक्षर पडले. जाहिरात केली नाही. तीच पेटी सगळ्यांत जास्त खपली, हे लिहिताना एका कवयित्रीच्या मनाला काय वाटते ते वाचकांनी समजून घ्यावे.

श्लोक मी सोडून दिला होता. आबांनी राहू द्या म्हटले, तेव्हा राहिला. नाना पुन्हा आकडे मोजीत आणि पुन्हा चुकत.

युद्ध संपल्यावर, गेल्या कार्तिकात, आबा आले. फार वाळले होते, काठी होती. दोंडाईच्याच्या एका मंडळासाठी पेटी हवी होती. नावाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. ते नाव आमच्या पेटीवर पुन्हा लागणार नाही, आणि ते योग्यच आहे. यांनी एक साधी पेटी पुढे ठेवली. आबांनी आधी फळी उचलून पेन्सिलीचे अक्षर पाहिले, ती परत बसवली, पट्ट्यांवरून बोटे फिरवली, आणि एक कडवे अगदी हलक्या आवाजात म्हटले. कोरड्या रानाचा तो वास अजून होता.

मग त्यांनी सगळ्या खुंट्या बंद केल्या. भाता पुरता भरला. नानांच्या ओठांनी आकडे जुळवायला सुरुवात केली, तेव्हा आबांनी त्यांच्याकडे बोट करून त्यांना थांबवले. पडवीत सरस खदखदत होता. नाना खाली वाकले; त्यांच्या चिमटीत भुसा होता. आबांनी भात्यावरचा हात काढला, मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले,

"म्हन."